अनेक संगणकांवर सामायिक डिरेक्टरी आपोआप माउंट करण्याची पद्धत

प्रयोगशाळेत वीस लिनक्स संगणक असतील आणि विद्यार्थी रोज वेगळ्या संगणकावर बसत असेल, तर तो जिथे लॉगिन करेल तिथे त्याच्या फाइली मिळाल्या पाहिजेत. सर्व्हरवरील डिरेक्टरी प्रत्येक संगणकाच्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय काय जोडायचे त्याची यादी असलेल्या फाइलीत) लिहून ठेवणे हा सरळ उपाय वाटतो. परंतु वीज गेल्यानंतर सर्व्हर उशिरा उठला, तर बाकीचे संगणक सुरू होतानाच त्याची वाट पाहत खोळंबतात. ऑटोएफएस ही सेवा मात्र एखाद्याने ती डिरेक्टरी उघडेपर्यंत माउंट करत नाही, म्हणजे संगणकाला जोडत नाही, आणि काही काळ वापर नसल्यास ती स्वतःच अनमाउंट करते. पुढील आज्ञा व फाइलींची नावे देवनागरीत दिली असली, तरी टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाकावीत.

आधी वापरकर्त्यांचे क्रमांक जुळवावेत. नेहमीच्या मांडणीत एनएफएस (नेटवर्कवरून डिरेक्टरी सामायिक करणारी व्यवस्था) परवानगी तपासताना नाव न पाहता युजर आयडी पाहते. एका संगणकावर १००१ हा क्रमांक एकाचा आणि दुसऱ्यावर भलत्याचाच असेल, तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या हाती जातात. दोन-चार संगणक असतील तर हे हाताने जमते. अधिक असतील तर एलडॅपसारखी, वापरकर्त्यांची माहिती एकाच ठिकाणी ठेवणारी मध्यवर्ती व्यवस्था करावी.

डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरवर एनएफएस-कर्नल-सर्व्हर हे पॅकेज बसवून ईटीसी डिरेक्टरीमधील एक्सपोर्ट्स फाइलीत पुढील ओळ लिहावी:

/एक्सपोर्ट/होम १९२.१६८.१०.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

पत्ता आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडू नये. ती सुटली तर कंसातले पर्याय त्या पत्त्याला लागू न होता सर्व जगाला लागू होतात, म्हणजे लिहिण्याची परवानगी कोणालाही मिळते. त्यानंतर ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ ही आज्ञा द्यावी. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीसाठी फायरवॉलमध्ये टीसीपीचे २०४९ हे पोर्ट उघडे असले की पुरते.

प्रत्येक क्लायंटवर, म्हणजे विद्यार्थी वापरतात त्या संगणकावर, ऑटोएफएस आणि एनएफएस-कॉमन बसवून ईटीसीमधील ऑटो.मास्टर फाइलीत ही ओळ जोडावी:

/होम /ईटीसी/ऑटो.होम --टाइमआउट=३००

आणि ऑटो.होम फाइलीत ही एकच ओळ लिहावी:

* -एफएसटाइप=एनएफएस४,आरडब्ल्यू,हार्ड सर्व्हर:/एक्सपोर्ट/होम/&

तारांकन म्हणजे जे नाव मागितले जाईल ते, आणि शेवटच्या खुणेच्या जागी तेच नाव भरले जाते. त्यामुळे नवा विद्यार्थी आला तरी ही फाइल बदलावी लागत नाही. ‘हार्ड’ऐवजी ‘सॉफ्ट’ वापरण्याचा मोह टाळावा, कारण सर्व्हर मध्येच गेल्यास अर्धवट लिहिलेली फाइल खराब होऊ शकते आणि त्यापेक्षा थांबून राहणे बरे.

येथे एक धोका आहे. ऑटोएफएसने होम डिरेक्टरी ताब्यात घेतली की त्या संगणकावरील मूळ होममधील सारे काही झाकले जाते. म्हणून प्रशासकाच्या स्थानिक खात्याची होम डिरेक्टरी अन्यत्र हलवावी, नाहीतर सर्व्हर बंद असताना तो स्वतःच बाहेर राहील.

सेवा पुन्हा सुरू केल्यावर होममध्ये ‘एलएस’ ही यादी दाखवणारी आज्ञा दिली तर बहुधा काहीच दिसत नाही आणि नवखे लोक येथेच घाबरतात. प्रत्यक्ष नाव देऊन आत गेल्यावरच डिरेक्टरी प्रकट होते. तरीही न आल्यास ऑटो.होम फाइलीला चुकून एक्झिक्युट परवानगी दिली गेली आहे का, हे पाहावे; तशी असेल तर ऑटोएफएस तिला नकाशा (काय कुठून माउंट करायचे याची यादी) न मानता प्रोग्राम समजून चालवू पाहते. (मी यात एक दुपार घालवली आहे.) एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर सेवा थांबवून ‘ऑटोमाउंट -एफ -व्ही’ चालवावे आणि दुसऱ्या टर्मिनलवरून डिरेक्टरी उघडून पाहावी, अडचण पडद्यावर दिसते.

एका क्लायंटवर सर्व सुरळीत झाल्यावरच या दोन फाइली इतरांवर पाठवाव्यात. ऑटो.मास्टर बदलल्यास सेवा रीलोड करावी लागते, ऑटो.होममधील बदल मात्र पुढच्या वेळी डिरेक्टरी उघडताच लागू होतो.