साईटवर जखमी झालेल्या परप्रांतीय कामगाराला साथ द्यायची तर काय काय करायचं

पुण्यात बांधकामावर माणसं गेली की बातमी होते. २०१९ ची कोंढव्याची भिंत अजून लोकांना आठवते, १५ जण गेले त्यात, बहुतेक बिहारचे मजूर आणि त्यांच्या घरचे. पण परांचीवरून पडून कंबर मोडलेला किंवा भोसरी-चाकणला पॉवर प्रेसमध्ये बोटं गेलेला माणूस बातमीत येत नाही. तो वाघोली नाहीतर मोशीच्या कुठल्यातरी पत्र्याच्या खोलीत पडून असतो, आणि सोबतचा गाववाला कामावर गेला की दिवसभर त्याला पाणी द्यायलाही कोणी नसतं. पैसे लागतात हे खरंच, पण माझं स्पष्ट मत आहे की त्याला सगळ्यात जास्त गरज नेमाने येणाऱ्या माणसाची असते. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात हो, तिसऱ्या महिन्यात कोण येतं ते बघा.

अपघात झाला त्या दिवशी

१०८ ला फोन. उंचावरून पडलेल्याला हातापायाला धरून टेम्पोत टाकू नका, मणक्याला मार असेल तर त्या उचलण्यानेच कायमचे पाय जाऊ शकतात, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत आहे तसाच पडू द्या, मान हलू देऊ नका. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा, बोट थेट बर्फावर नाही.

ससूनला न्या, पिंपरीच्या वायसीएमला न्या, कुठेही न्या, पण कॅज्युअल्टीमध्ये केसपेपर लिहिताना एक जण तिथे उभा राहाच. कारण तिथे सुपरवायझर पटकन सांगून मोकळा होतो की गाडीवरून पडला, नाहीतर खोलीत घसरला, आणि ते एक वाक्य कागदावर गेलं की पुढे भरपाई मागताना तेच आडवं येतं. कामावर असताना, अमुक साईटवर, अमुक मजल्यावरून पडला असं लिहून घ्या आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) झालीये का ते विचारा.

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, साईटच्या बोर्डाचा फोटो काढा, त्यावर बिल्डरचं नाव असतं. सोबत काम करणाऱ्या दोघातिघांचे नंबर घ्या, गावाकडचे पण घ्या, कारण महिन्याभरात ही मंडळी दुसऱ्या साईटवर, कधी दुसऱ्या शहरात गेलेली असतात. हजेरीचा व्हॉट्सअॅप मेसेज, मुकादमाने यूपीआयने पाठवलेले पैसे, गेटपास, काहीही चालेल, तो तिथे कामाला होता हे दिसलं पाहिजे. त्याचा मोबाईल फुटला असेल तर तो आधी दुरुस्त करून द्या, सगळा पुरावा त्यातच असतो आणि घरच्यांशी बोलणंही.

घरी फोन करायच्या आधी मात्र त्याला विचारा. कोणाला सांगायचं, किती सांगायचं हे त्याने ठरवायचं, आपण नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको.

हक्काचे पैसे

पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात असेल (२१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांचा कापला जातो) तर बिबवेवाडीला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. कामावर इजा होऊन घरी बसावं लागलं तर रोजच्या पगाराच्या साधारण ९० टक्के भत्ता मिळतो आणि त्यासाठी नोकरी जुनी असायची अट नाही. ईएसआय नसेल तर मालकाने भरपाई द्यायची. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातल्या या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्यात. ठेकेदार पळाला तरी ज्याचं काम चालू होतं त्या मुख्य मालकाकडे मागता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा, ठेकेदार वीसेक हजार रुपये आणि गावचं तिकीट घेऊन येतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. देऊ नका. हक्क सोडल्याची अशी चिठ्ठी कायद्यात टिकत नाही, पण ती खोटी ठरवण्यात वर्षं जातात. तरी माणूस म्हणतो मला घरी जायचंय, मला पैसे घेऊ द्या, तेव्हा त्याच्यावर चिडू नका. पुढे काय मिळू शकतं, किती वेळ लागेल ते खरं खरं सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, शिवाजीनगर कोर्टात, कामगाराला वकील फुकट मिळतो, टोल फ्री नंबर १५१००. बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी आहे का तेही विचारा, गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केलेल्याची होते. हॉस्पिटलचं बिल अंगावर आलं तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा गरीब रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, बोर्ड दिसला नाही तरी विचारा. गावाकडचं आयुष्मान कार्ड असेल तर योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये ते इथेही चालतं.

सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाईलीत घालून फाईल त्याच्याच उशाशी ठेवा, आपल्याकडे फक्त मोबाईलमधले फोटो.

डिस्चार्जनंतर

खरी परीक्षा इथून. आधी त्याची खोली जाऊन बघा. पायात रॉड घातलेल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही आणि लेबर कॅम्पचं संडास शंभर पावलांवर असतं, त्यामुळे बरेच जण जेवण आणि पाणीच कमी करतात, हे ते स्वतःहून कधीच सांगत नाहीत, लाजतात. कमोडची खुर्ची मिळवून द्या. आपल्या सोसायट्यांमध्ये आजीआजोबांचे वॉकर, कुबड्या, खुर्च्या माळ्यावर धूळ खात पडलेत, ग्रुपवर एक मेसेज टाकला तर संध्याकाळपर्यंत काहीतरी हमखास मिळतं. मणक्याचा मार असेल आणि हलता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या फार चिघळतात. हे सोबतच्या मुलांना स्वतः करून दाखवा.

चारपाच जणांनी वार वाटून घ्या. एकाने ओपीडीला सोबत जायचं, एकाने फोन आणि रिचार्ज बघायचा, एकाने डबा. एकट्याने सगळं घेतलं की महिन्यात दमतो माणूस आणि मग येणंच बंद होतं, त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच या पण नक्की या. ओपीडीत सोबत लागतेच, कारण डॉक्टर काही बोलले की तो "हां ठीक है" म्हणतो आणि बाहेर येऊन विचारतो क्या बोले. गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य-चंद्र काढून द्या, व्यायामाचा व्हिडिओ फिजिओथेरपिस्टला विचारून त्याच्याच फोनवर घ्या.

डब्याचं म्हणाल तर बिहार-बंगालकडच्या माणसाला भात लागतो, रोज चपाती-भाजी गळी उतरत नाही, विचारून द्या. सत्तू मिळाला तर बघा कसा चेहरा खुलतो.

आणि बसा जरा. दर वेळी तब्येत आणि केस एवढंच बोलायचं नसतं, त्याच्या गावचं बोला, त्याने कुठल्या कुठल्या बिल्डिंगी बांधल्या ते विचारा, मिस्त्री लोकांना ते सांगायला फार आवडतं. त्यालाही काही करू द्या, त्याने चहा पाजला तर प्या, नको नको करत उठू नका. छठला घरी जाता आलं नाही तर मोशीला इंद्रायणीच्या घाटावर न्या, तिथे त्याच्या भागातली कितीतरी माणसं भेटतात. रात्री झोप नसेल, मुकाट बसत असेल, आता माझा काय उपयोग असं बोलत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटं ठेवू नका, १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत मदत आहे, हिंदीत बोलता येतं.

कायमचं अपंगत्व आलं असेल तर यूडीआयडी कार्डाचं (अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचं) काम इथे असतानाच सुरू करा. हात-पाय गेला असेल तर साधू वासवानी मिशनकडे कृत्रिम अवयवांची चौकशी करा, ते मोफत देतात.

तो गावी जायला निघाला तर दानापूर एक्सप्रेसला खालचा बर्थ बघा, स्टेशनवर व्हीलचेअर सांगून ठेवा आणि सोबत कोणीतरी गाववाला असेल असंच तिकीट काढा. वकिलाचा नंबर, पुढची तारीख आणि टाके कधी बघायचे हे हिंदीत एका कागदावर लिहून फाईलीत सगळ्यात वर ठेवा. तारखेच्या आठवडाभर आधी फोन करा, आणि मध्ये एखादा फोन असाच, काही काम नसताना.