काळ्या मातीत शोषखड्डा: पाणी मुरेल असा कसा खणावा

शोषखड्डा, म्हणजे न्हाणी-मोरीचं सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल, असं सगळीकडे सांगतात. लांबी-रुंदी तेवढी ठेवा. खोली मात्र मराठवाड्याच्या काळ्या रानात कागदावर ठरत नाही, खालचा मुरूम ठरवतो.

जागा न्हाणी आणि मोरीच्या उताराला, घराच्या पायापासून दूर, आड-बोअरपासून निदान ५० फूट लांब. संडासाचं आणि गोठ्याचं पाणी यात सोडायचं नाही. भर पावसात खणू नका, काठ ढासळतो.

आता जिथे बहुतेक खड्डे बिघडतात ते काम. मलाही यानेच सगळ्यात जास्त छळलं. खणायला मुहूर्त लागतो एप्रिल-मेमध्ये. तेव्हा रान भेगाळलेलं असतं. खड्ड्यात चार घागरी ओतल्या की दिसेनाशा होतात, लोक खूश होतात आणि लगेच दगड भरतात. ते पाणी मुरलेलं नसतं, भेगांत गेलेलं असतं. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, आणि तीच माती पाणी अडवून धरते. मग आषाढात मोरी उलटी वाहते. कोरड्या खड्ड्याची परीक्षा कुणीही सांगितली तरी मानू नका.

परीक्षा अशी घ्या. तळाशी वीतभर रुंद, हातभर खोल भोक पाडा. संध्याकाळी भरा, झोपण्याआधी पुन्हा भरा. सकाळी परत भरून काडीने खूण करा. तासाभरात दोन बोटंही पाणी उतरलं नाही, तर मुरूम लागलेला नाही. आणखी खणा आणि परीक्षा पहिल्यापासून घ्या. सहा फुटांवरही चिकणच असेल किंवा सलग काळा पाषाण लागला, तर खड्डा बुजवा आणि मोरीचं पाणी नाली काढून केळी, अळू, कर्दळीला द्या. पावसाळ्यात शेजारच्या आडाचं पाणी वर चढून खड्ड्याच्या तळाखाली सहा फुटांच्या आत येत असेल, तरीही तेच करा. गवंडी म्हणेल, "टाका की दगड, मुरंल हळूहळू." मुरत नाही.

जेसीबीने खणलं असेल तर बकेटने भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्या कुदळीने खरवडा, सुटी माती घमेल्याने बाहेर काढा. हे टाळलं तर मुरूम असूनही पाणी आत शिरत नाही.

पुढचं सोपं आहे. मधोमध सिमेंटचं टाकं बसवा, भोकं फक्त वरच्या भागात. राख, अन्नाचे कण, साबणाचा गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत जातं. ही नांदेड जिल्ह्याची पद्धत. हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी याच शोषखड्ड्यांमुळे डासमुक्त गाव म्हणून ओळखलं गेलं. टाक्याभोवती धुतलेले दगड भरा, मोठे खाली, लहान वर. माती लागलेले दगड नकोत. वर पोतं, मग माती.

जलजीवन मिशनचं नळाचं पाणी माणशी रोज ५५ लिटर धरलेलं आहे. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होतं, आणि त्यातलं बहुतेक मोरीतूनच बाहेर पडतं, गाळ घेऊन. म्हणून टाक्याचं झाकण फरशीखाली गाडू नका. ते घरातल्या बाईला एकटीने उचलता येईल एवढं हलकं ठेवा. गाळ भोकांपर्यंत चढायच्या आत उपसा आणि उकिरड्यावर टाका. गाळ एकदा दगडांत गेला की सगळा खड्डा उकरून पुन्हा भरावा लागतो.