एसीएल तुटल्यावर: मैदानात परतेपर्यंतचे नऊ महिने

कबड्डीत कुणी घोटा धरला आणि अंग एकीकडे, गुडघा दुसरीकडे गेला. फुटबॉलमध्ये तर धक्काही न लागता, नुसती दिशा बदलताना आतून 'टक्' होतं. त्यानंतर दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, तर सांध्यात रक्त साठलं असं धरून चालायचं. अशा सुजेमागे पुष्कळदा एसीएल तुटलेला निघतो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा हा दोर.

गावाकडे पहिला सल्ला मिळतो, 'तेल लावून चोळून घे.' पहिले तीन दिवस चोळणं, शेकणं आणि कुणाकडून ओढून 'बसवून' घेणं पूर्ण बंद. तुटलेला दोर ओढून जुळत नाही, पण सोबत गुडघ्यातली गादी (मेनिस्कस, दोन हाडांमधली कुर्चा) फाटली असेल तर ती या ओढाओढीत आणखी फाटते. सुती कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, चालायला कुबड्या. गुडघा अर्ध्यात अडकून सरळच होत नसेल, किंवा पाऊल गार-बधिर पडलं असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. एक्स-रेत हाड दिसतं, दोर दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर परत फिरू नका. हाडांच्या डॉक्टरांनी हाताने तपासल्यावर एमआरआय होतो.

ऑपरेशनची घाई सहसा नसते. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर आखडलेलाच राहण्याचा धोका वाढतो. आधी काही आठवडे व्यायाम करून सूज उतरवा, पाय पूर्ण सरळ करा, चाल सुधारा. ज्याला पळायचं, वळायचं, झटापट करायची नाही, त्याने तीन महिने नीट व्यायाम करून गुडघा निसटतो का हे पाहिलं तरी चालतं. कबड्डी-कुस्तीवाल्यांना बहुधा ऑपरेशनच सुचवलं जातं. तुटलेल्याच्या जागी बसवायचा नवा दोर शरीरात कुठून घेणार हे आधी विचारा: गुडघ्याच्या वाटीखालचा घेतला तर गुडघा टेकताना दुखू शकतं, आणि पैलवानाला गुडघा टेकल्याशिवाय गत्यंतर नसतं.

सर्जन बेळगावचा असो, कोल्हापूरचा किंवा मिरजेचा. फिजिओ मात्र निपाणी, खानापूर, चिकोडी असा जवळचाच बघा. ऑपरेशन एका दिवसाचं, फिजिओकडे जायचं महिनोन्‌महिने.

ऑपरेशननंतर पहिल्या दोन आठवड्यांत एकच गोष्ट सर्वात महत्त्वाची: पाय पूर्ण सरळ होणं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी सोडा, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, म्हणूनच ती घ्यायची नाही. पाच अंश वाकलेला राहिलेला गुडघा पुढे कायमचा लंगडवतो. मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाच सेकंद धरा, दहा वेळा, जागेपणी जवळपास दर तासाला. टाच सरकवत गुडघा हळूहळू 90 अंशांपर्यंत वाकवा. लंगडणं थांबेपर्यंत कुबड्या सोडू नका. गादी शिवली असेल तर वाकवण्याची आणि वजनाची मर्यादा वेगळी असते. ती डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. ताप, टाक्यांतून पाणी, पोटरी सुजून दुखणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे.

शौचाला कमोड खुर्ची लागेल. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं साधारण तीन-चार महिन्यांनी, फिजिओला विचारून. उजवा पाय असेल तर गाडीला किक मारायची नाही. पावसाळ्यात खानापूरकडच्या शेवाळलेल्या अंगणात कुबड्यांचे रबर घसरतात, झिजलेले दिसले की बदला.

दोन ते सहा आठवडे: जागेवरची सायकल, भिंतीला पाठ टेकून अर्ध्या बैठका, टाचा उचलणं, एका पायावर तोल. दोर मांडीमागून घेतला असेल तर टाच मागे ओढायचा वजनी व्यायाम दोन महिने तरी नको.

सहा ते बारा आठवडे हा सगळ्यात फसवा काळ. दुखत नाही, सूज नाही, जिने चढता येतात. पण बसवलेल्या दोराला अजून नीट रक्तपुरवठा आलेला नसतो आणि याच सुमारास तो सगळ्यात कमजोर असतो. नेमकी तेव्हाच जत्रेची मैदानं लागलेली असतील, तर पैलवान म्हणतो, 'बघू या एक जोड.' नको. या काळात लेग प्रेस, पायरी चढ-उतार, कंबर उचलणं, एवढंच, पण आठवड्यातून तीन वेळा आणि वजन वाढवत. टाचा उचलून पूर्ण खाली जाणाऱ्या तालमीतल्या बैठका सहा महिन्यांआधी नकोत.

धावणं बारा आठवड्यांनंतर, तेही सूज नसेल आणि दुखऱ्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान 70 टक्के असेल तरच. बेळगावातल्या वॅक्सिन डेपो मैदानासारख्या मऊ मातीवर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सुरू करा. दुसऱ्या दिवशी गुडघा फुगला तर कालचं जास्त झालं, एक पायरी मागे या. उड्या चार-पाच महिन्यांनी, दिशा बदलणं सहाव्याच्या पुढे.

सामन्यात उतरणं नऊ महिन्यांआधी नाही. नॉर्वेत झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. आणि नऊ महिने भरले म्हणजे झालं असंही नाही. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, टेपने मोजा. दोन्ही पायांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. चांगला पायही बसून कमजोर होतो, म्हणून जमलं तर त्याचं माप ऑपरेशनआधीच घेऊन ठेवा.

परतताना आधी एकट्याने डाव, मग ठरवून केलेली पकड, मग हलका सराव, शेवटी खुली लढत. प्रत्येक टप्प्याला निदान दोन आठवडे. चांगला गुडघाही तुटू शकतो, म्हणून उडी मारून गुडघे आत न झुकवता उतरायचा सराव पुढेही आठवड्यातून दोनदा, दोन्ही पायांचा.