शाळेचा निकाल घसरला? जादा तास लावण्याआधी या चुका टाळा

प्रमाणित चाचणीचा, म्हणजे सगळ्या शाळांना एकसारख्याच असलेल्या परीक्षेचा, निकाल आला की सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते. गेल्या वर्षी चौथीची ७१ टक्के मुलं अपेक्षित पातळीला पोचली होती, यंदा ६२. लगेच बैठक, वर्गशिक्षिकेचं पडलेलं तोंड आणि सोमवारपासून जादा तास. प्राथमिकला शिकवताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता कुणी निकाल सांगायला लागलं की मी आधी पट विचारते.

तुकडीत २४ मुलं असतील तर एक मूल म्हणजे चार टक्क्यांहून थोडं जास्त. दोन मुलं एकेका गुणाने रेषेखाली राहिली की शाळा ‘आठ टक्क्यांनी घसरली’. त्यातलं एक कदाचित आदल्या दिवशीच तापातून उठलेलं असतं. लहान शाळांचे आकडे मोठ्या शाळांपेक्षा जास्त वरखाली होतात ते यामुळेच. शिवाय गेल्या वर्षीची चौथी आणि यंदाची चौथी ही मुलंच वेगळी. थोरल्याच्या उंचीवरून धाकट्याच्या आहाराचा हिशेब लावावा, तसली ही तुलना. यंदाच्या चौथीशेजारी याच मुलांचा तिसरीचा निकाल ठेवा, आणि शाळेबद्दल काही बोलायचंच असेल तर निदान तीन वर्षांची सरासरी काढून बोला.

याची उलटी बाजू जास्त फसवी. एखादं वर्ष फारच वाईट गेलं की पुढचं वर्ष बहुधा आपोआप थोडं बरं जातं. मधल्या काळात शाळेने नवीन सराव पुस्तिका घेतलेली असते, आणि सगळं श्रेय तिला जातं.

पर्सेंटाइलला टक्के समजणं ही तर घरोघरची चूक. ६० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ६० गुण नव्हेत. तुलनेसाठी घेतलेल्या मुलांपैकी साधारण ६० टक्के मुलांपेक्षा हे मूल पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही तुलनेची मुलं कोणत्या वर्षीची, हेही बघावं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन कॅनेल नावाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की तिथली सगळीच राज्यं आपल्या प्राथमिक शाळांचा निकाल देशाच्या सरासरीपेक्षा वर सांगत होती. सगळेच सरासरीच्या वर कसे असतील? तुलनेचे आकडे जुने होते आणि शाळांना त्याच त्या प्रश्नपत्रिका पाठ झाल्या होत्या, ही त्यामागची मोठी कारणं.

आता माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘वजाबाकी कच्ची’ असा शेरा मारायचा आणि सगळ्या वर्गाला वजाबाकीची पन्नास गणितं घालायची. पर्यायांतून उत्तर निवडायचं एकच गणित घ्या: ५०२ वजा १७८. उत्तर ३२४. पण ज्याने ४७६ निवडलं, तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय, वरचा कोणता नि खालचा कोणता हे तो बघतच नाही. ४२४ वाल्याला हातचा घेता येतो, शून्याचे नऊही करता येतात, फक्त शतकाच्या पाचाचे चार करायला तो विसरला. ३७४ वाल्याने शून्य ओलांडून थेट शतकाकडून एककाला हातचा दिला आणि दशकाच्या घरात सातातून शून्य वजा करून टाकलं. तिघांनाही शून्यच गुण, पण दुखणं तीन प्रकारचं. पहिल्याला दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन बसवावं लागतं. दुसऱ्याला सोडवताना अंक खोडून वर नवा लिहायची सवय लावली तरी बहुतेक वेळा भागतं. पन्नास गणितांनी पहिल्याची चूक फक्त पक्की होईल. चुकीचे पर्याय असे मुद्दाम रचलेले असतात, तेव्हा कोणी किती चुकलं याच्याआधी कोणता पर्याय निवडला ते बघा. चाचणीतले प्रश्न शाळेला परत मिळत नसतील, तर असंच गणित फळ्यावर लिहून मुलांची कच्ची वही बघा.

शाब्दिक उदाहरण चुकलं तर ते मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून सुटलं, तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे.

वाचनाचा निकाल पडला की ‘उताऱ्याचा मुख्य विचार ओळखा’चे सराव सुरू होतात आणि त्यांना जागा करायला विज्ञान-इतिहासाचे तास जातात. हे अंगाशी येतं. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या अमेरिकी संशोधकांच्या अभ्यासात मुलांना बेसबॉलवरचा उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा तो उतारा चांगला समजली. ज्वालामुखीबद्दल कधी ऐकलंच नसेल, तर ज्वालामुखीच्या उताऱ्यातला मुख्य विचार सापडायचा कसा? कापलेला विज्ञानाचा तास हा वाचनाचाही तास होता.

काठावरच्या पाच मुलांना धरून बसायचं आणि अगदी मागच्यांना सोडून द्यायचं, हा हिशेबीपणाही अनेक शाळा करतात. टक्का वाढतो, मागचा आणखी मागे जातो. आकड्यावर फारच ताण आला तर गोष्टी कुठवर जातात हे अमेरिकेतल्या अटलांटा शहरात दिसलं: २०११ च्या सरकारी चौकशी अहवालात १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर उत्तरांत फेरफार केल्याचा ठपका होता. उत्तरपत्रिकांवर चुकीची उत्तरं खोडून बरोबर केल्याच्या खुणा नको तितक्या सापडल्या, तिथून ते उघडकीला आलं.

राहिली ती किरकोळ वाटणारी चूक: गोल रंगवायची वेगळी उत्तरपत्रिका मुलांनी थेट परीक्षेच्या दिवशीच पाहणं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला प्रश्न एका कागदावर नि उत्तर दुसऱ्यावर, हे सोपं नसतं. स्क्रीनवरच्या चाचणीतही तेच. उतारा खाली सरकवायचा असतो हे न कळलेलं मूल अर्ध्याच उताऱ्यावर उत्तरं देतं. म्हणून दोन-तीन वेळा नुसती ओळख करून द्या. त्याहून जास्त नको.

माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीचा निकाल असाच कोसळला होता. तिसांपैकी पहिली सोळा उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर, पुढची जवळजवळ सगळी चूक आणि तिसावी ओळ कोरी. त्या कोऱ्या ओळीमुळे शंका आली. तिने सतरावा प्रश्न सोडला होता, पण ओळ सोडली नव्हती. उत्तरसूची एक घर सरकवून पाहिली, तर पुढच्या तेरापैकी अकरा बरोबर निघाली. निकाल काही बदलला नाही. जादा तासांच्या यादीतून तिचं नाव मात्र मी त्याच दिवशी काढलं.