ग्रेड सेम, पण नजरेत भरणारं नाणं एकच : स्लॅबमधलं नाणं कसं बघायचं

दोन स्लॅब, म्हणजे ग्रेड ठरवून प्लॅस्टिकच्या डबीत सील केलेली नाणी, शेजारी ठेवा. दोन्हींवर एमएस ६४ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं, आणि ६४ हा ७० पैकी दर्जाचा आकडा), दोन्हींत मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, साल तेच, टांकसाळ तीच, आणि तरी एक हातातून खाली ठेववत नाही आणि दुसरं बघून आपण "हं, बरंय" म्हणून बाजूला सारतो. ह्या फरकाला आय अपील म्हणतात, साध्या भाषेत नाणं नजरेत भरतं की नाही. ही काही दैवी देणगी वगैरे नाही, थोडी सवय लागली की कोणालाही जमतं, फक्त बघायचा क्रम बरोबर लागतो.

आधी ग्रेड म्हणजे काय ते डोक्यात क्लिअर करून घ्या. १ ते ७० ची स्केल शेल्डन ह्या नाणेअभ्यासकाची, १९४९ सालची, आणि ती मुळात अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी केलेली होती. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागली आणि पीसीजीएस १९८६ मध्ये, एनजीसी १९८७ मध्ये अशा ग्रेड देणाऱ्या कंपन्या आल्या, तेव्हापासून प्लॅस्टिकच्या डबीत सील केलेलं नाणं आणि वर आकडा हा प्रकार रुळला. आता ह्या एका आकड्यात चार-पाच गोष्टी कालवलेल्या असतात, ओरखडे किती, ठसा किती खोल उठलाय, लस्टर म्हणजे मूळ झळाळी कशी आहे, रंग कसा आहे आणि एकूण दिसतं कसं. म्हणजे एखादं ६४ असं असू शकतं की लस्टर झकास पण गालावर दोन-तीन ठोके, आणि दुसरं ६४ असं की ओरखडा जवळजवळ नाहीच पण अंगावर जीव नाही, मरगळलेलं. आकडा सेम. आपलं काम आहे हे कालवलेलं परत वेगळं करून बघणं.

म्हणून पहिली गोष्ट, लेबलावर अंगठा ठेवा. खरंच ठेवा, मी अजूनही ठेवतो. आकडा दिसला की डोळे त्या आकड्याला साजेसं बघायला लागतात, ६६ वाचलं की ओरखडे आपोआप लहान वाटतात. आणि भिंग लगेच काढू नका, आधी हातभर अंतरावरून नुसत्या डोळ्यांनी बघा, कारण आय अपील हे त्या अंतरावरूनच कळतं. पाच पटीचं भिंग नंतर, ते शंका तपासायला.

उजेडाचं महत्त्व लोकांना पटत नाही. खोलीभर पसरलेला ट्यूबलाइटचा उजेड असला तर सगळी नाणी सारखीच दिसतात. एकच दिवा पाहिजे, टेबललॅम्पसारखा, वरून एका बाजूने येणारा, आणि बाकीचे दिवे बंद. मग स्लॅब त्या उजेडाखाली हळूहळू तिरका करत गोल फिरवायचा. नाण्यावर दोन उजळ पट्टे दिसतात आणि फिरवाल तसे ते चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात, म्हणूनच त्याला कार्टव्हील लस्टर म्हणतात. हे होतं कशामुळे तर ठसा मारताना धातू दाबाने मध्यापासून कडेकडे सरकतो, त्या सरकण्याच्या बारीक बारीक रेषा डायवर, म्हणजे ठसा मारणाऱ्या साच्यावर, आणि नाण्यावर तयार होतात, डोळ्याला एकेक दिसत नाहीत पण उजेड त्यांच्यावरून परत फिरतो. तो पट्टा मोकळ्या जागेतून चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून परत मोकळ्या जागेत न तुटता गेला पाहिजे. उंच भागावर, म्हणजे गालावर किंवा कपाळाजवळच्या केसांवर, तो मध्येच विझला आणि करडा डाग राहिला तर तिथे घासलं गेलंय.

आणि इथेच डिप केलेलं नाणं पकडता येतं. जुन्या चांदीच्या नाण्यावरचा काळपटपणा काढायला लोक ते आम्लाच्या द्रावणात बुडवतात, एकदा पटकन बुडवलं तर फारसं बिघडत नाही, पण जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा बुडवलं की त्या बारीक रेषांची टोकंच झिजतात. मग नाणं पांढरंशुभ्र दिसतं खरं, पण पट्टा फिरत नाही, फिरला तरी मंद. पांढरं आणि चमकदार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं स्वतःचं पहिलं महागडं चुकणं हेच होतं. फोटोत एकदम पांढरं दिसणारं ६५ घेतलं, आकडा बघून उड्या मारल्या, घरी आल्यावर दिव्याखाली फिरवतोय फिरवतोय, काहीच होईना, चकती नुसती. विकणाऱ्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, मीच आकडा विकत घेतला होता. ते नाणं अजून माझ्याकडे आहे, नवीन कोणी आलं की दाखवायला कामाला येतं.

ओरखड्यांचं गणित साधं आहे, किती आहेत यापेक्षा कुठे आहेत ते बघा. मॉर्गन डॉलरवर स्वातंत्र्यदेवीचा गाल म्हणजे मोकळं मैदान, तिथे एक छोटा ठोका पडला तरी नजर परत परत तिथेच जाते. तोच ठोका केसांत किंवा गरुडाच्या पिसांत असता तर शोधावा लागला असता. ही नाणी हजार-हजारच्या कापडी पिशव्यांत भरून ठेवायचे, एकमेकांवर आपटून ठोके पडणारच, त्यामुळे स्वच्छ गाल हीच ह्या नाण्याची अर्धी शोभा. अजून एक, ओरखडा नाण्यावर आहे की डबीवर ते आधी ठरवा, स्लॅब हलवला की डबीवरचा ओरखडा नाण्यावरून सरकल्यासारखा वाटतो, नाण्यावरचा जागचा हलत नाही. कितीतरी चांगली नाणी लोक डबी खराब म्हणून सोडून देतात.

ठशाबद्दल थोडक्यात. मॉर्गनला कानावरचे केस आणि मागे गरुडाची छाती बघा, न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या बऱ्याच नाण्यांत तिथे सपाट असतं. सपाट म्हणजे झिजलेलं असं नाही हां, कच्च्या ठशाच्या जागीसुद्धा लस्टर जिवंत असतं, झिजलेल्या जागी ते मेलेलं असतं. पण डोळ्याला सपाट ते सपाटच, त्यामुळे खणखणीत ठसा मिळत असेल तर त्यासाठी थांबावं असं माझं मत.

आता रंग, म्हणजे टोनिंग. सगळी भांडणं इथे होतात. चांदीवर हवेतलं, कागदातलं, पुठ्ठ्यातलं, कापडातलं गंधक बसतं आणि सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. पाण्यावर तेलाचा थेंब पडला की जसे रंग दिसतात तसंच हे, रंग थराच्या जाडीवर ठरतो. म्हणून त्यांना क्रम असतो, आधी फिकट सोनेरी, मग गडद होत तांबूस, मग किरमिजी-जांभळा, मग निळा, मग फिकट निळा, आणि थर अजून वाढला तर परत पिवळा, गुलाबी, हिरवा, आणि शेवटी सगळं काळं. हा क्रम पाठ करा, कारण अनेक वर्षांत हळूहळू आलेल्या रंगात एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो आणि मधली पायरी गाळत नाही. सोनेरीला चिकटून एकदम निळा, मध्ये किरमिजीची पुसटशी रेघसुद्धा नाही, किंवा रंग वर तरंगल्यासारखा आणि ओरखड्यांच्या खाचेत भडक साचलेला, असं काही दिसलं की सावध व्हा. मुद्दाम रंगवलेल्या नाण्याला ग्रेडिंग कंपन्या आकडा देत नाहीत, पण शेवटी बघणारी माणसंच असतात, एखादं निसटतं.

चांगल्या टोनिंगची पहिली खूण म्हणजे रंगाच्या खालून लस्टर वर येतं. नाणं फिरवलं की रंगासकट पट्टा फिरला पाहिजे. पिशवीत एका नाण्यावर दुसरं अर्धवट पडून राहिलं तर उघड्या राहिलेल्या भागावर चंद्रकोरीसारखा इंद्रधनुष्याचा पट्टा उठतो, कधी कापडाच्या विणीची नक्षीसुद्धा उमटते. पुठ्ठ्याच्या अल्बममधल्या नाण्यांना कडेने गोल कडी येते आणि मध्यभाग उजळ राहतो. अक्षरांच्या आजूबाजूला रंग जरा मागे सरकून बारीक उजळ किनार राहिली असेल तर मला ते नाणं जास्त आवडतं. उलट डागाडागाचं, तपकिरी-काळपट, चेहऱ्याच्या मध्यावर एक भला मोठा धब्बा असलेलं, ते नैसर्गिक असलं तरी कुरूपच, नैसर्गिक म्हणून त्याचं कौतुक करायची गरज नाही. थर काळ्याकडे झुकला असेल तर खाली धातू खायला लागलाय असं समजा.

आणि हो, रंग नसलेलं नाणंही तितकंच नजरेत भरू शकतं. हल्ली सगळे इंद्रधनुष्यामागे लागलेत, पण अंगावर नुसती फिकट सोनेरी साय असलेलं, लस्टर फुल असलेलं नाणं मी त्याआधी उचलेन.

तांब्याचं वेगळं. तिथे लेबलावर आरडी, आरबी, बीएन असं असतं, लाल, लाल-तपकिरी, तपकिरी. मूळ लाल रंग साधारण ९५ टक्के शिल्लक असेल तर आरडी, ५ टक्क्यांच्या खाली गेला तर बीएन, मधलं सगळं आरबी. लोक आरडीच्या मागे धावतात पण काळे बारीक ठिपके पडलेल्या आरडीपेक्षा एकसारखं, चॉकलेटी, वर निळसर-जांभळी झाक असलेलं बीएन बघायला कितीतरी छान असतं. सोन्याला टोनिंग फारसं येत नाही, तिथे मोकळ्या जागेतले ठोके आणि तांब्याचे लालसर डाग एवढं बघा. प्रूफला, म्हणजे संग्राहकांसाठी खास घडवलेल्या नाण्याला, आरशासारखी जमीन आणि त्यावर दहिवरासारखा पांढुरका चेहरा, ह्या दोघांतला फरक जितका जास्त तितकं सुंदर, जुन्या प्रूफांत नव्या डायने काढलेल्या पहिल्या काही नाण्यांतच तो जोरात येतो. आरशावर धुरकट पडदा असेल तर मजा गेली. आधुनिक चांदीच्या नाण्यांवर दुधाळ पांढरे ठिपके येतात, ते स्लॅबमध्ये गेल्यावरही उठू शकतात, आणि हिरवट चिकट काही दिसलं तर ते मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातलं पीव्हीसी, हात लावू नका.

लेबलावरच्या खुणांची मदत होते. एनजीसीचा तारा हा खास आय अपीलसाठीच असतो. प्लसचा अर्थ वेगळा, त्याच ग्रेडच्या वरच्या टोकाचं नाणं. सीएसी ही ग्रेड पुन्हा तपासणारी कंपनी २००७ पासून दुसऱ्यांच्या स्लॅबवर हिरवं स्टिकर लावते म्हणजे नाणं त्या ग्रेडला पक्कं आहे, सोनेरी स्टिकर म्हणजे ग्रेड कमीच दिलीय असं त्यांचं मत. पण तारा नाही म्हणून नाणं वाईट असं अजिबात नाही, सगळी नाणी काही सगळ्यांकडे गेलेली नसतात.

ऑनलाइन घेताना फोटोवर विश्वास किती ठेवायचा? एक सोपी युक्ती, फोटोतलं लेबल बघा. पीसीजीएसच्या लेबलाचा निळा तुम्हाला माहितीये कसा असतो, तो फोटोत भडक निऑनसारखा दिसत असेल तर नाण्याचे रंगही तसेच फुगवलेत. नुसता नाण्याचा गोल कापलेला फोटो असेल तर पूर्ण स्लॅबचा मागा, आणि एकाच दिव्याखाली नाणं तिरकं करत फिरवतानाचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मागा. रंग एकाच कोनात दिसून बाकी वेळ नाणं काळं पडत असेल तर तुमच्या हातातही ते बहुतेक वेळ काळंच दिसणार. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ झाली तर मी पुढे जातो.

आणि हातात आलं की लगेच पसंत करू नका. तुमच्याकडचं त्याच प्रकारचं सगळ्यात आवडतं नाणं काढा, दोन्हींची लेबलं झाका, त्याच दिव्याखाली दोन्ही हातांत धरून फिरवा, मग दोन दिवस ठेवून द्या आणि परत बघा. तिसऱ्यांदा बघताना नजर आधी ओरखड्यावर गेली तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत पॅक करा.