अझेलिया मलूल दिसतोय? कुंडी बादलीत बुडवा

रोज पाणी घालूनही कुंडीतलं अझेलियाचं फुलझाड मान टाकतं, कारण मुळांचा गोळा आतून कोरडा पडलेला असतो. वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं.

१. बादलीत शक्यतो पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी या झाडाला मानवत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.
२. कुंडी काठापर्यंत बुडवा. सुरुवातीला ती तरंगते, हाताने दाबून धरा. बुडबुडे यायचे थांबले, की पाणी गाभ्यापर्यंत पोचलं. साधारण २०-३० मिनिटं लागतात.
३. बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. उचलून पाहा, केवढी जड लागते! पुन्हा हलकी लागली की पाणी द्या.

रात्रभर मात्र बुडवून ठेवू नका, केसांसारखी बारीक मुळं कुजतात.