डाळिंबाचा मुकुट तडकायचा, त्यावरचा उपाय
सोलापूरच्या उन्हाळ्यात डाळिंबाच्या आकाराची मातीची भांडी करताना मुकुट सांध्यापाशी हमखास तडकायचा. पातळ पाकळ्या आधी सुकून आकसतात, जाड पोट ओलंच राहतं. इथली कोरडी हवा हा फरक आणखी वाढवते. आता दोन्ही भाग सारखेच ओलसर असताना जोडते: रेघोट्या ओढून, त्याच मातीची स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, लावून. मग फक्त पाकळ्यांवर प्लास्टिक, पोट उघडं.

खरा मुकुट म्हणजे फुलाचा निदलपुंज (पाकळ्यांबाहेरचं आवरण), फळावर तसाच टिकलेला. वरून चिकटवलेला नव्हे. म्हणून पोटाचीच माती बोटाने वर ओढून सांधा बुजवते. आकार किती जिवंत होतो! भाजताना ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास आच हळूच वाढवायची, तिथे मातीतलं क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) एकदम प्रसरण पावतं.